सीएमएस-०३ : सोळा मिनिटांच्या पुढची बातमी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : नौदलाच्या सीएमएस-०३ (जीसॅट-७ आर) या दळणवळण उपग्रहाच्या प्रक्षेपणाचे वृत्त

महोदय,

रविवारी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, संध्याकाळी ५ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोट्याच्या सतीश धवन अंतराळ केंद्रावरून एलव्हीएम३-एम५ हे यान नौदलाचा उपग्रह घेऊन निघाले, तेव्हा आमच्या घरातला टीव्ही माझ्या ताब्यात नव्हता. नवी मुंबईतला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे लांबून पाच वाजता सुरू झालेला होता आणि एरवी क्रिकेटला नावे ठेवणारी माझी पत्नीसुद्धा टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हती. मी ओसरीवर जाऊन मोबाइलवर उड्डाण पाहिले. दुसऱ्या दिवशीच्या आपल्या अंकात पहिले पान विश्वविजेत्या मुलींनी व्यापलेले होते आणि ते योग्यच होते; उपग्रहाची बातमी पानाच्या तळाशी दोन कॉलमांत बसवलेली होती. जागा कमी मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या दोन कॉलमांत दोन विधाने अशी होती की, ज्याने आयुष्याची पंधरा वर्षे जहाजावरच्या वायरलेस रूममध्ये काढली त्याला पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. हीच दोन विधाने त्या रात्री काही वाहिन्यांवरही ऐकली, तेव्हा दोष एकट्या आपल्या वार्ताहराचा नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

पहिले विधान असे की, हा ‘भारताचा आजवरचा सर्वांत वजनदार दळणवळण उपग्रह’ आहे. सीएमएस-०३चे वजन सुमारे ४,४१० किलो आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी सोडलेल्या जीसॅट-११चे वजन ५,८५४ किलो होते आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी गेलेला जीसॅट-२० हाही सुमारे ४,७०० किलोचा होता. फरक इतकाच की, जीसॅट-११ दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधील कुरू येथून युरोपच्या एरियान-५ यानाने गेला आणि जीसॅट-२० अमेरिकेतल्या केप कॅनाव्हरल येथून फाल्कन-९ यानाने. आपल्या भूमीवरून, आपल्या यानाने, भूस्थिर कक्षेच्या वाटेवर लावलेला सर्वांत जड उपग्रह सीएमएस-०३ हा आहे. म्हणजे मथळ्यात ‘भारतीय भूमीवरून’ एवढे दोन शब्द वाढवले असते तर बातमी खरी ठरली असती, आणि माझ्या मते जास्त अभिमानाचीही ठरली असती. कारण लष्करी उपग्रह जड असण्यात मोठेपणा नसतो; तो उचलण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागले नाही, यात असतो. नौदलाचा पहिला उपग्रह जीसॅट-७, ज्याला नौदलात सगळे ‘रुक्मिणी’ म्हणतात, तो ३० ऑगस्ट २०१३च्या पहाटे कुरूहूनच गेला होता आणि त्याच यानात शेजारी कतारचा एस्हेल-१ होता. स्वतःच्या युद्धनौकांचे बोलणे वाहून नेणारे यंत्र सातासमुद्रापार परक्या तळावर न्यायचे, तिथे त्यात इंधन भरायचे आणि परक्या देशाच्या उपग्रहासोबत एकाच यानात बसवून पाठवायचे, ही सोय होती. पण तिला सोयच म्हणावे लागते, व्यवस्था नव्हे. रुक्मिणीचे वजन सुमारे २,६५० किलो होते आणि त्या दिवशी एवढे वजन त्या कक्षेकडे खात्रीने नेणारे यान आपल्याकडे नव्हते. बारा वर्षांनी त्याच्या दीडपटीहून अधिक वजन आपण श्रीहरिकोट्याहून उचलले, ही त्या रविवारची खरी बातमी आहे.

दुसरे विधान जास्त महत्त्वाचे आहे. ‘उड्डाणानंतर अवघ्या सोळा मिनिटांत उपग्रह भूस्थिर कक्षेत स्थिरावला’ असे आपण छापले आहे. सोळा मिनिटांत उपग्रह यानापासून सुटला, एवढेच घडले. तो ज्या कक्षेत सुटला ती भूस्थिर कक्षा नव्हती, तर तिच्याकडे जाणारी हस्तांतरण कक्षा होती. ही कक्षा लांबट अंड्यासारखी असते. तिचे एक टोक पृथ्वीपासून जेमतेम १७० किलोमीटरवर आणि दुसरे या खेपेस सुमारे ३० हजार किलोमीटरवर ठेवलेले होते. एलव्हीएम-३ची या कक्षेसाठीची नेहमीची क्षमता साधारण चार टन धरली जाते. त्याहून जड ओझे न्यायचे म्हणजे कुठेतरी काटकसर करणे आले. म्हणून यानाने वरचे टोक थोडे आखूड ठेवले आणि उरलेली चढण उपग्रहाने स्वतःच्या इंधनावर चढायची, असा हिशेब होता. एसटीने घाटाच्या पायथ्याशी सोडावे आणि पुढचा घाट ज्याने त्याने चालत चढावा, तसा हा प्रकार आहे.

हा घाट साधा नाही. भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या बरोबर वर ३५,७८६ किलोमीटरवर असते. तिथे उपग्रहाची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण होते, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती जेवढ्या वेळात फिरते तेवढ्याच वेळात, आणि त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी टांगल्यासारखा दिसतो. श्रीहरिकोटा विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेचौदा अंशांच्या आसपास आहे, तर कुरू पाच अंशांवर. त्यामुळे आपल्याकडून निघालेल्या उपग्रहाची कक्षा अधिक कललेली असते आणि तो कल मोडण्यासाठी जास्त इंधन खर्च होते. मग उपग्रहावरचे मुख्य इंजिन, कर्नाटकातल्या हसन येथील नियंत्रण केंद्राच्या आज्ञेने, कक्षेच्या वरच्या टोकाशी पोहोचण्याचे मुहूर्त साधून पुन्हा पुन्हा पेटवावे लागते. प्रत्येक वेळी खालचे टोक वर सरकते, कल कमी होतो आणि अंड्याचे हळूहळू वर्तुळ होते. त्यानंतर सौर पंख पूर्ण उघडायचे, अँटेना उलगडायच्या, नेमलेल्या रेखांशावर जाऊन थांबायचे आणि एकेक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे खालून आलेला संदेश घेऊन पुन्हा खाली पाठवणारे यंत्र, चालू करून तपासायचा. रुक्मिणीच्या वेळी हे सगळे व्हायला सप्टेंबर उजाडला होता. मी हे पत्र ५ नोव्हेंबरला लिहीत आहे आणि आपल्या बातमीत ‘स्थिरावलेला’ उपग्रह आज बहुधा वाटेवरच असणार.

हा शब्दांचा कीस नाही. नेमके या वाटेवर उपग्रह अडकतात. याच वर्षी २९ जानेवारीला श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात जीएसएलव्ही-एफ१५ यानाने एनव्हीएस-०२ हा दिशादर्शक उपग्रह अचूक सोडला. यानाचे काम चोख झाले, टाळ्या झाल्या, मथळे झाले. नंतर उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडीकारक (इंधन जाळण्यासाठी लागणारे द्रव्य) पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि तो त्याच लांबट कक्षेत राहिला. २९ मार्च २०१८ रोजी गेलेला जीसॅट-६ए तर दोन वेळा कक्षा उंचावल्यावर बोलेनासा झाला. या दोन्ही वेळी उड्डाणाच्या दिवसाची बातमी पहिल्या पानावर होती आणि नंतरची आत कुठेतरी. आपल्या वाचकाला ‘सोळा मिनिटांत स्थिरावला’ असे सांगून ठेवले, तर पंधरा दिवसांनी वाईट बातमी आली तेव्हा त्याला ती समजणारच नाही. तो म्हणेल, पोहोचला होता ना?

उलट बाजूचे एक उदाहरण मला फार आवडते. १४ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकेने एईएचएफ-१ हा लष्करी दळणवळण उपग्रह सोडला आणि यानापासून सुटल्यावर त्याचे मुख्य इंजिन चाललेच नाही. तिथल्या अभियंत्यांनी ते इंजिन सोडून दिले. आधी छोट्या थ्रस्टरनी खालचे टोक वर उचलून घेतले आणि मग झेनॉन वायूच्या विद्युत इंजिनांवर उरलेली सगळी चढण चढवली. त्या इंजिनाचा रेटा केवढा, तर अडीच-तीन तोळे सोने तळहातावर ठेवल्यावर जेवढा भार जाणवेल तेवढा. काही महिन्यांच्या वाटेला चौदा महिने लागले, पण ऑक्टोबर २०११मध्ये उपग्रह आपल्या जागी पोहोचला. उड्डाणाच्या दिवशीच ज्यांनी त्याची बातमी संपवली, त्यांना ही गोष्ट कळलीच नसणार.

आता हा उपग्रह नौदलाला कशासाठी हवा असतो, याबद्दल थोडे लिहितो, कारण आपल्या बातमीत ‘दळणवळण अधिक सक्षम होईल’ या एका वाक्यात ते आटोपले आहे. मी १९८१ साली नौदलात भरती झालो, कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये मोर्स शिकलो आणि १९९६ साली निवृत्त झालो. आमच्या काळात जहाज किनाऱ्यापासून लांब गेले की किनाऱ्याशी बोलायचा मार्ग म्हणजे एचएफ, म्हणजेच उच्च कंप्रतेच्या लहरी. या लहरी आकाशातल्या आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून परत खाली येतात, म्हणून क्षितिजापलीकडे पोहोचतात. पण ते छत रोज हलते. दिवसा जी फ्रिक्वेन्सी खणखणीत लागते ती सूर्य बुडाला की मरते आणि मग खालची शोधावी लागते. संध्याकाळी साडेसहा ते आठ हा आमचा सर्वांत वाईट वेळ. बहुतेक संदेश सांकेतिक असत, पाच-पाच अक्षरांच्या गटांत. कानावर हेडफोन, हातात शिसपेन्सिल, समोर चौकटी आखलेला पॅड. चौथे अक्षर खरखरीत बुडाले की अख्खा गट फुकट, आणि एक गट फुकट म्हणजे त्या वाक्यातले एक जहाज, एक वेळ किंवा एक दिशा फुकट. मग तो गट पुन्हा मागायचा. एका संध्याकाळी अरबी समुद्रात सदतीस गटांचा एक संदेश पुरा व्हायला मला दीड तास लागला होता. दारात दुय्यम अधिकारी उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, फक्त दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहात होते. त्या संदेशात काय होते ते मला कधीच कळले नाही, कारण उलगडा करणारा माणूस वेगळा असे. पॅडच्या बाविसाव्या चौकटीत खोडून खोडून कागद फाटला होता, तेवढे मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि पुन्हा मागणे हे फुकटचे नसे. जहाज हवेत बोलले की ते कुठे आहे हे ऐकणाऱ्याला काढता येते. दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेतल्या की त्यांचा छेद म्हणजे जहाजाचा पत्ता. म्हणून युद्धसरावात ‘रेडिओ मौन’ पुकारले जाई आणि आम्ही नुसते ऐकत बसत असू. ऐकलेले नीट लागले नाही तरी विचारायचे नाही. उपग्रहाने बदलले ते हे. जहाजावरची डिश वर, एका बिंदूकडे, अरुंद झोत सोडते, तो शेजारून जाणाऱ्याला सहज सापडत नाही, आणि संदेश पाव सेकंदात किनाऱ्यावर पोहोचतो. पाव सेकंदच का, तर वर छत्तीस हजार आणि खाली छत्तीस हजार किलोमीटर जायला प्रकाशाच्या वेगालाही तेवढे लागतातच. २०१४च्या ‘ट्रोपेक्स’ सरावात बंगालच्या उपसागरात सुमारे ६० नौका आणि ७५ विमाने रुक्मिणीच्या आधाराने एकमेकांशी जोडली गेली होती. एवढ्या जणांचे बोलणे एकाच वेळी चालू आहे आणि प्रत्येकाला समोरचे चित्र सारखेच दिसते आहे, ही गोष्ट माझ्या पॅड-पेन्सिलीच्या काळात कुणी सांगितली असती तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते.

रुक्मिणीवर यूएचएफ, एस, सी आणि केयू असे फ्रिक्वेन्सीचे वेगवेगळे पट्टे होते आणि नव्या उपग्रहावरही अनेक पट्ट्यांतून आवाज, डेटा आणि चित्रफीत नेण्याची सोय असल्याचे नौदलाने सांगितले आहे. एकच चांगला पट्टा का पुरत नाही, असे वाचकाला वाटू शकते. त्याचे उत्तर कोकणातल्या कुठल्याही घरात जुलै महिन्यात मिळेल. आपल्या घरावरची डीटीएचची छत्री केयू पट्ट्यावर चालते आणि मुसळधार पावसात बरोबर मालिकेच्या ऐन प्रसंगाला पडदा काळा पडून ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. केयू लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे पावसाचे थेंब त्यांना शोषून आणि विखरून टाकतात. पण याच लहरींवर भरपूर माहिती जाते आणि लहान डिश पुरते. यूएचएफवर माहिती कमी जाते. मात्र तिला पावसाची पर्वा नसते आणि तिच्या अँटेनाला अचूक रोखही लागत नाही. अरबी समुद्रातल्या पावसाळ्यात डोलकाठी तीस-तीस अंश कलत असताना दुसरा पट्टा हाताशी असणे ही चैन नव्हे. हल्ली युद्धनौकेच्या डोलकाठीजवळ जे पांढरे घुमट दिसतात, त्यांच्या आत अशी डिश असते. जहाज कुठेही कलले तरी ती आपले तोंड आकाशातल्या त्या एका बिंदूवरून हलू देत नाही. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने मांडव्याला येताना डावी-उजवीकडे नांगरलेल्या नौका दिसल्या तर घुमट जरूर पाहावेत.

या बोलण्याची गरज किती दूरवर पडते, त्याचा एक दाखला मुंबईकरांना आठवत असेल. मार्च २०२४मध्ये सोमाली चाच्यांनी बळकावलेल्या ‘एमव्ही रुएन’ या जहाजाला आयएनएस कोलकाताने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर अडवले. जवळपास चाळीस तास ती कारवाई चालली, हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मरीन कमांडो आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या गेल्या, सतरा खलाशी सुखरूप सुटले आणि शरण आलेले ३५ चाचे २३ मार्चला मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले गेले. नौका, विमान, मानवरहित विमान आणि किनाऱ्यावरचे मुख्यालय यांचे चाळीस तासांचे एकत्र काम एचएफच्या खरखरीत, पाच-पाच अक्षरांच्या गटांवर झाले असते, अशी कल्पनाही मी करू शकत नाही.

मला मुख्यतः जे म्हणायचे आहे ते आता येते. आपल्या बातमीतला ४,४१० किलो हा आकडा वाचकाच्या लक्षात राहील, पण या उपग्रहाच्या गोष्टीत लक्षात ठेवण्यासारखे आकडे सनांचे आहेत. रुक्मिणी २०१३ साली गेली. तिचे आखलेले आयुष्य ‘सात वर्षांहून अधिक’ असे सांगितले होते. तिच्या जागी यायच्या उपग्रहाची, म्हणजे याच जीसॅट-७ आरची, सुमारे १,५८९ कोटी रुपयांची मागणी २०१९ साली नोंदवली गेल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. म्हणजे वेळेवर केले होते, असे म्हणता येईल. पण तो निघाला २०२५च्या नोव्हेंबरात. मधली पाच-सहा वर्षे जुना उपग्रह आपल्या कागदावरच्या आयुष्याच्या पुढे चालत राहिला. आमच्या इस्रोचे उपग्रह सांगितलेल्या वयापेक्षा जास्त जगतात, हे खरे आहे आणि ते त्यांच्या कारागिरीचे प्रशस्तिपत्र आहे. परंतु जास्त जगणे ही मिळालेली सवलत असते, नियोजन नव्हे. आणि या सवलतीलाही मर्यादा असते. भूस्थिर उपग्रह वर नुसता टांगलेला नसतो. सूर्य आणि चंद्र त्याची कक्षा दरवर्षी पाऊण ते एक अंशाने कलती करतात आणि तो कल मोडायला त्याला थोडेथोडे इंधन जाळावे लागते. टाकी रिकामी व्हायला आली की यंत्रे धडधाकट असूनही उपग्रह जागेवर उभा राहू शकत नाही. घरातल्या सिलिंडरसारखा तो हलवूनही पाहता येत नाही आणि दुसरा लावून ठेवलेला नसेल तर ऐन स्वयंपाकात चूल विझते.

हेच गणित बाकी दोन दलांना लावून पाहावे. हवाई दलाचा जीसॅट-७ए हा १९ डिसेंबर २०१८ रोजी जीएसएलव्ही-एफ११ यानाने श्रीहरिकोट्याहून गेला. वजन सुमारे २,२५० किलो आणि आखलेले आयुष्य आठ वर्षे. म्हणजे त्याची आठ वर्षे पुढच्या वर्षी डिसेंबरात भरतात. त्याच्या पुढच्या जीसॅट-७सीला नोव्हेंबर २०२१मध्ये २,२३६ कोटी रुपयांची प्राथमिक मंजुरी मिळाली होती. भूदलासाठीच्या जीसॅट-७बीचा २,९६३ कोटी रुपयांचा करार न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या अवकाश विभागाच्या सरकारी कंपनीशी २९ मार्च २०२३ रोजी झाला. मी हे पत्र लिहीत असताना या दोहोंपैकी एकही वर गेलेला नाही. नौदलाच्या उपग्रहाला मागणीपासून उड्डाणापर्यंत जेवढा वेळ लागला तेवढाच यांना लागणार असेल, तर वाचकाने स्वतःच बेरीज करावी. उत्तरात कुणाच्या हेतूवर बोट ठेवण्याचा माझा उद्देश नाही. असा उपग्रह गोदामातून काढून देण्याची वस्तू नसते, आणि त्याचे सुटे भाग आणि यानाची फेरी हे सगळे एकाच वेळी जुळून यावे लागते. एलव्हीएम-३च्या या आधीच्या उड्डाणाला, म्हणजे चंद्रयान-३ला, १४ जुलै २०२३ रोजी निरोप दिला होता. तिथपासून या फेरीपर्यंत सव्वादोन वर्षांहून अधिक काळ गेला. जड उपग्रह नेणारे एकच यान आणि त्याची फेरी दोन-दोन वर्षांनी, अशी परिस्थिती असेल तर रांग लागणारच. म्हणून या रविवारच्या उड्डाणातली, कुणी फारशी न छापलेली एक गोष्ट मला मोलाची वाटली. उपग्रह सोडून झाल्यावर यानाच्या सी-२५ या क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या) टप्प्याचे ज्वलनकक्ष अवकाशातच पुन्हा पेटवून पाहण्यात आले आणि तो प्रयोग यशस्वी झाल्याचे इस्रोचे अध्यक्ष डॉ. व्ही. नारायणन यांनी सांगितले. एकाच खेपेत निरनिराळ्या कक्षांत उपग्रह ठेवायचे असतील तर हे जमलेच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्राचा यातला वाटा काय, असे हल्ली प्रत्येक बातमीत विचारले जाते, म्हणून एका वाक्यात सांगतो. यानाच्या दोन्ही बाजूंना जे घन इंधनाचे, प्रत्येकी दोनशे टनांहून अधिक ओझ्याचे एस-२०० बूस्टर असतात, त्यांची कवचे बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आहे आणि मधल्या टप्प्यातली विकास इंजिने विक्रोळीत घडतात. याहून एक गमतीची गोष्ट आहे. रुक्मिणीची जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर होती. सातारा आणि मडगाव ही गावे जवळजवळ याच रेखांशावर आहेत. म्हणजे विदर्भाच्या त्या राजकन्येचे नाव घेतलेला उपग्रह बारा वर्षे साताऱ्याच्या नेमक्या दक्षिणेला, विषुववृत्तावर उभा होता. माझ्या अंगणातून दक्षिणेकडे पाहिले तर क्षितिजापासून साधारण ६८ अंशांवर, म्हणजे मान बरीच वर करून, त्याची जागा येते. डोळ्यांना अर्थातच काही दिसत नाही. तरी मी कधी कधी पाहतो. नव्या उपग्रहाला मात्र अजून सीएमएस-०३ हे फायलीवरचे नावच आहे. नौदलातली पोरे त्याला लवकरच काहीतरी नाव ठेवतील याची मला खात्री आहे.

आणखी एक खुलासा करतो, कारण माझ्या शेजाऱ्यांनी तो मला विचारला. ‘आता पाणबुड्यांशीही थेट बोलता येईल’ असे एका वाहिनीवर सांगण्यात आले. पाण्यात बुडालेल्या पाणबुडीपर्यंत उपग्रहाच्या लहरी पोहोचत नाहीत. त्यासाठी पाणबुडीला अँटेना पाण्याबाहेर काढावी लागते आणि पाणबुडीच्या दृष्टीने ती धोक्याची वेळ असते. पाण्याखालच्या पाणबुडीला निरोप द्यायचा तर अतिशय लांब लहरी लागतात आणि त्या पाठवणारे नौदलाचे केंद्र, आयएनएस कट्टबोम्मन, तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे. तिथले मनोरे शेकडो मीटर उंच आहेत आणि त्यावरून संदेश फार सावकाश जातो. उपग्रह आला म्हणून ते मनोरे पाडता येणार नाहीत आणि, माझे मत विचाराल तर, सिग्नल स्कूलमधला एचएफचा आणि मोर्सचा तासही बंद करता कामा नये. उपग्रहाचा पर्याय म्हणून ती जुनी खरखर हाताशी असलेली बरी.

आपल्याकडे माझी विनंती दोन गोष्टींची आहे. वर दिलेल्या दोन विधानांची दुरुस्ती छापावी. आणि सीएमएस-०३ आपल्या जागेवर पोहोचून त्याचे ट्रान्सपॉन्डर चालू झाल्याचे इस्रो किंवा नौदल जाहीर करील, तेव्हा ती बातमीही द्यावी. पहिल्या पानाचा आग्रह नाही. आमच्याकडे बंदरावर आपला अंक उघडला की माणसे आधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहतात. त्या चौकटीच्या शेजारी दोन ओळींची जागा मिळाली तरी वाचली जाईल.

आपला नम्र,
एक निवृत्त नौसैनिक (संदेशवहन शाखा)
अलिबाग, जि. रायगड
५ नोव्हेंबर २०२५